भोकं बुजवायची नाहीत

डोंगरउतारावरच्या वस्तीत संरक्षक भिंतीचं मोल काय असतं, ते घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात काम करू लागल्यावर मला समजलं. भिंतीच्या पायथ्याशी, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ सोडून, घरं. भिंतीच्या माथ्यावर माती आणि त्या मातीवर आणखी घरं. याच पट्ट्यात, घाटकोपरच्या आझादनगरात, जुलै २००० मध्ये दरड कोसळून सत्तरहून जास्त माणसं गेली. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत पडली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारतनगरात भिंत घरांवर आली आणि त्याच पावसात विक्रोळीतही दरड कोसळली. उताराखालच्या घरांतल्या बायका पावसाळ्यात रेशनकार्ड, आधार, मुलांचे दाखले असं सगळं एका पिशवीत भरून ती पिशवी उशाशी ठेवतात.

अशाच एका भिंतीवर चित्र काढायचं काम आमच्या गटाकडे आलं. वस्तीचं नाव लिहीत नाही. ही भिंत नेमक्या कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे याचा घोळ अजून मिटलेला नाही, आणि नाव छापून आलं तर त्रास तिथल्या माणसांना होईल. पैसे एका कंपनीच्या सामाजिक निधीतले होते. कंपनीच्या मनात फुलं, फुलपाखरं, स्वच्छतेची एखादी घोषणा आणि कर्मचाऱ्यांनी हातात ब्रश धरून घालवलेला एक शनिवार, असं चित्र होतं. हेतू चांगलाच होता. अशी कामं मी याआधी केली आहेत, त्यांवर माझं घर चाललं आहे, म्हणून त्यांना नावं ठेवणार नाही. या भिंतीपासून मात्र माझी कामाची रीत बदलली.

पहिली बैठक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी बोलावली. संध्याकाळी, गणपतीचा मंडप उभा राहतो त्या जागेत, खुर्च्या मांडून. पुरुष आले, तरुण पोरं आली. बायका दारातून कान देऊन होत्या. चुलीपाशी आणि नळापाशी त्यांची धावपळ तेव्हाच असते. वस्तीचं मत म्हणून त्या संध्याकाळी जे ऐकलं ते मंडळाचं मत होतं. मंडळाला मी कमी लेखत नाही. वर्गणीची पावती फाडून, एक विषय ठरवून, रात्री जागून रस्त्यावर देखावा उभा करायचा आणि सगळ्या गल्लीनं तो आपला म्हणून मिरवायचा, ही आपल्याकडची सार्वजनिक कलेची केवढी मोठी तालीम आहे. माझ्या पिढीतले कितीतरी चित्रकार आधी मंडपात थर्माकोल कापायला शिकले आणि मग जे.जे.त गेले. पण भिंतीशी चोवीस तास ज्यांची गाठ असते त्या घरातल्या बायका. त्यांच्यासाठी दुसरी बैठक लागणार होती, आणि ती दुपारी, जेवणं उरकल्यावर आणि पाणी सुटायच्या आत.

ती बालवाडीत झाली. मी वेगवेगळ्या ठिकाणच्या भिंतींची चित्रं सतरंजीवर मांडली. बायकांनी ती हातात घेऊन पाहिली, एकमेकींना दाखवली. साताऱ्याकडच्या, माण तालुक्यातून आलेल्या एक मावशी होत्या. बहात्तरच्या दुष्काळात नवऱ्यामागून मुंबईला आलेल्या. त्यांनी चित्रं बाजूला सारली आणि म्हणाल्या, "रंग लावा की, नको कोण म्हणतंय? पर ती पाणी निघायची भोकं बुजवायची नाहीत. मागं एकांनी रंग मारला, भोकांत सिमेट भरलं, अन् पावसात भिंतीनं पोट काढलं."

ज्यांनी अशी भिंत जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. संरक्षक भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार पाइप बसवलेले असतात. पावसाचं पाणी मागच्या मातीत मुरतं, माती जड होते आणि भिंतीला पुढे रेटू लागते. पाइपांतून पाणी निघून गेलं तर तो रेटा कमी होतो. पाइप तुंबले तर मातीच्या वजनात पाण्याचं वजन मिळतं आणि भिंत आधी फुगते, मग तडकते, मग जाते. रंगकाम करणाऱ्याला मात्र ही भोकं नकोशी वाटतात. त्यांतून ओघळ येतात, शेवाळ धरतं, चित्र डागाळतं. सरळ पृष्ठभाग मिळावा म्हणून ती बुजवणं हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे.

मावशींच्या त्या वाक्यावर सगळी बैठक फिरली. कुठलं भोक कधीपासून कोरडं आहे, कुठल्यात उंदीर जातात, कुठल्याला कोणी चिंधी कोंबली आहे, हे एकेक बाई सांगू लागली. माझ्याकडे त्या भिंतीचे फोटो होते, मापं होती. त्यांच्याकडे तिचा पावसाळ्या-पावसाळ्याचा इतिहास होता. मी कागदावर भिंत आखली आणि त्या सांगतील तसे गोल काढत गेले. त्या दुपारी चित्राचा विषय निघालाच नाही.

कंपनीला मी कळवलं की आधी भिंत तपासून घेतल्याशिवाय परांची बांधणार नाही. आमच्या ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरनं येऊन भिंत ठोकून पाहिली, पोट काढलेला भाग खडूनं आखला आणि तिथे हात लावायचा नाही म्हणून बजावलं. त्या भागाच्या दुरुस्तीसाठी वस्तीनं अर्ज केला. तो अर्ज कोणी घ्यायचा यावर दोन कार्यालयांत किती काळ टोलवाटोलवी चालली ते आता उगाळत नाही. तारीख पुढे गेली. कंपनीनं ते सोसलं, हे नोंदवायला हवं.

मग विषयाचा वाद सुरू झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मंडळाच्या पोरांना शिवाजी महाराज हवे होते. वरच्या अंगाच्या गल्लीला बाबासाहेब हवे होते. दोन्ही बाजू हट्टाला पेटणार असं वाटत असताना एका वयस्कर काकांनी विचारलं, "महाराजांच्या नाहीतर बाबासाहेबांच्या चित्रातून भोकाचं पाणी गळणार. खालून गटार वाहणार. चालेल?" कोणी काही बोललं नाही. थोर माणसाचं चित्र लावणं म्हणजे त्याचा मान रोज सांभाळणं, आणि ती भिंत तेवढी स्वच्छ कधीच राहणार नव्हती. भक्तीतून आलेला तो नकार मला फार मोलाचा वाटला.

बायकांनी पाण्याचा विषय सुचवला. मुंबईत येण्याआधी पाणी कुठून आणलं, इथे आल्यावर कुठून आणलं, एवढंच. माणच्या मावशींनी आड आणि दुष्काळी कामावरचा खडीचा ढीग सांगितला. रत्नागिरीकडच्या एकीनं पऱ्या सांगितला, पावसात भरून वाहणारा आणि मार्चमध्ये आटणारा. जौनपूरच्या एकीनं हातपंप सांगितला. मग सगळ्यांचं एकच झालं: डोंगराच्या पायथ्याचा नळ, रांग, भांडण, टँकर, निळा ड्रम, पाच लिटरचे कॅन, पायऱ्या.

पाइपच्या भोकांचं काय करायचं ते सातवीतल्या एका मुलीनं सोडवलं. ती म्हणाली, प्रत्येक भोकाला भांड्याचं तोंड करा. आडवी झालेली कळशी, कलंडलेला हंडा, कॅन, तेलाचा डबा. पाऊस पडला की भांडी वाहतील. मी आखलेला तो भोकांचा नकाशाच चित्राचा सांगाडा झाला. भोक जिथे असेल तिथे भांड्याचं तोंड आलं, आणि ज्या बाईच्या दारासमोर ते भोक होतं तिला आपलं भांडं निवडायचा हक्क मिळाला.

भांडी घेऊन चाललेल्या बाया मी बालवाडीतच समोर उभ्या करून काढल्या. त्या दुपारची एक गोष्ट बारकाईनं सांगावीशी वाटते. मावशींनी डोक्यावर हंडा घ्यायच्या आधी पदराचं टोक पिळून त्याची चुंबळ केली, तळव्यावर दाबून तिचं बूड सपाट केलं आणि मग ती टाळूच्या किंचित मागे ठेवली. कोकणातली ताई म्हणाली, आमच्यात जुन्या लुगड्याची शिवलेली चुंबळ असते, ती मधे ठेवतात. दोघींनी भरलेले हंडे घेऊन बालवाडीत फेरी मारली. मावशी चालताना मान ताठ ठेवून पावलं जवळजवळ टाकत होत्या आणि त्यांचा एक हात कंबरेवर होता, कारण गावाला तिथे दुसरी कळशी असायची. कोकणातल्या ताई गुडघ्यातून जास्त वाकत होत्या, चढ-उताराची सवय. दोघींच्या चालण्यातला हा फरक भिंतीवर उतरला आहे. रस्त्यानं जाणाऱ्याला तो दिसणार नाही. वस्तीतल्या बाया मात्र तिकडे बोट दाखवून सांगतात, ही घाटावरची, ही कोकणातली.

लोकसहभाग हा शब्द आता प्रत्येक प्रस्तावात असतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ रेषा आधीच आखलेल्या भिंतीवर मुलांच्या हातात ब्रश देऊन फोटो काढणे असा होतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये माहीम-दादरच्या बाजूला तुळशी पाइप रोडची रेल्वेची लांबलचक भिंत शेकडो लोकांनी रंगवली, तेव्हा मीही एक तुकडा रंगवला होता. तो दिवस आनंदाचा होता. ज्यानं त्यानं आपल्या मनातलं चित्र काढलं आणि भिंत रंगीबेरंगी झाली. २०१७ च्या अखेरीस आमच्याच डोंगराच्या अंगाला असल्फाची घरं रंगली. मेट्रोतून जाताना दिसतात; वर्तमानपत्रांनी इटलीतल्या पोझितानोशी तुलना केली. तिथल्या काही माणसांना आपल्या पत्त्याचा अभिमान वाटू लागला, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. पण गाडीतून बघणाऱ्यासाठी केलेलं चित्र आणि दार उघडल्याबरोबर समोर येणारं चित्र, यांचे प्रश्न वेगळे असतात. मला दुसऱ्या प्रकारचं काम करायचं आहे. त्यात चित्रकारानं हात आखडता घ्यावा असंही मला वाटत नाही. विषय, जागा, काय वगळायचं, हे राहणाऱ्यांनी ठरवावं. रेषा बळकट येण्याची जबाबदारी आमची.

याबाबतीत मी ज्यूडी बाका यांचं काम समोर ठेवते. लॉस एंजेलिसमध्ये तुहुंगा वॉश नावाच्या पूरकालव्याच्या सिमेंटच्या भिंतीवर त्यांनी १९७६ ते १९८३ या काळात कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवून घेतला. लांबी २,७५४ फूट. काम फक्त उन्हाळ्यात, पाट कोरडा असताना. चारशेहून जास्त तरुण मुलंमुली त्यात होती, आणि सुरुवातीची बरीचशी मुलं पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात सापडलेली होती. त्यांना सुटे तुकडे वाटून दिलेले नव्हते. इतिहासकार आणि त्या काळातून गेलेली माणसं येऊन बोलत, मुलं ऐकत, वाद घालत, आणि मग एकसंध आराखडा ठरे. मूळ रहिवासी, मेक्सिकन, काळे, युद्धकाळात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे लोक, असे पाठ्यपुस्तकात न आलेले लोक त्या भिंतीवर आले. त्या मुलांना कामाचे पैसे मिळत, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे चित्रकाराला मानधन मिळतं, परांचीवाल्याला मजुरी मिळते, रंगाच्या दुकानदाराचं बिल लगेच चुकतं. फक्त वस्तीतल्या बाईनं आपला वेळ सेवा म्हणून द्यावा अशी अपेक्षा असते. त्या बाईचं एका दिवसाचं धुण्याभांड्याचं काम बुडतं. आम्ही अंदाजपत्रकात सगळ्यांचा रोज धरला आणि तो हटून मंजूर करून घेतला.

प्रत्यक्ष रंगकामात आमचा खरा गुरू वस्तीतलाच एक रंगारी दादा होता. टॉवरच्या भिंती दोराला लटकून रंगवण्यात त्याची वीस वर्षं गेली आहेत. मी एक्सटिरियर इमल्शन धरून चालले होते. त्यानं भिंतीवर तळवा टेकला आणि म्हणाला, "ताई, मागून ओल येणार. हा रंग फुगून पोपडे धरेल. याला स्नोसेमच मारायला पाहिजे." स्नोसेम म्हणजे सिमेंट पेंट, कुठल्याही कंपनीचा असो. तो भिंतीच्या अंगात मुरतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. पण त्याचे नखरे असतात. आधी तारेच्या ब्रशनं घासून शेवाळ आणि खार काढायचा, भिंत भिजवायची, पाण्यात कालवलेला रंग घट्ट व्हायच्या आत संपवायचा आणि नंतर दोन-तीन दिवस भिंतीवर पाणी मारत राहायचं. छटाही मोजक्याच मिळतात: मातकट पिवळा, गेरूसारखा लाल, फिका हिरवा, राखाडी. चित्राचे रंग असे भिंतीनंच ठरवले. ड्रमचा निळा तेवढा बायकांनी सोडला नाही, म्हणून त्याला आणि काळ्या रेघांना इमल्शन वापरलं.

पाणी मारायचं म्हणजे पाणी हवं. जिथे हंड्याच्या हिशोबानं दिवस चालतो तिथे भिंतीला पाणी कोण देणार? बालवाडीतल्या बैठकीत ठरलं की प्रत्येक घरानं रोज एक कळशी द्यायची, साबणाचं पाणी चालणार नाही. ज्यांना ब्रश धरायचा नव्हता किंवा वेळच नव्हता अशा कितीतरी घरांचा वाटा या कळशीतून भिंतीत गेला. कंपनीचे लोक ठरल्या शनिवारी आले. त्यांना वस्तीनं काम दिलं ते पायथ्यापासून पाण्याचे कॅन वर आणायचं. ते मनापासून चढले. त्यांतली एक मुलगी अर्ध्या वाटेत पायरीवर टेकली, तेव्हा शेजारच्या घरातून तिला चहा आला आणि ती तिथल्या आजीशी संध्याकाळपर्यंत बोलत बसली. कंपनीचं नाव खालच्या कोपऱ्यात एका लहान चौकोनात आहे.

ज्या बायांना घराबाहेर फार वेळ काढता येत नव्हता त्यांच्यासाठी फिलाडेल्फियातली एक युक्ती कामाला आली. त्या शहरात १९८४ मध्ये भिंती खरडणाऱ्या मुलांना हाताशी धरून जेन गोल्डन यांनी काम सुरू केलं, त्यातून पुढे मोठी म्युरल चळवळ उभी राहिली. तिथे न विणलेल्या पातळ कापडावर चित्राचे भाग छापून शाळांत, वृद्धाश्रमांत, तुरुंगांत पाठवतात, आकड्याप्रमाणे रंग भरून घेतात आणि मग ते कापड जेलनं भिंतीला चिकटवतात. ओल येणाऱ्या भिंतीवर हे चालणार नव्हतं. कापड तर सुटलं असतंच, वर भिंतीचा श्वासही कोंडला असता. बालवाडीची बाहेरची भिंत मात्र कोरडी होती. तिथली भांड्यांची रांग अशी घरोघरी, भाजी निवडता निवडता रंगली आहे.

रंगारी दादाला मी भिंतीचा एक मोठा भाग सगळाच सोपवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींना एकसारखा रंग देणाऱ्या त्या माणसानं टँकर काढला. नंबरप्लेट, मागचा जाड पाइप, व्हॉल्व्हपाशी गुंडाळलेली सायकलची ट्यूब, तिथून गळणारी धार आणि त्या धारेखालीही कोणीतरी लावलेला कॅन. अख्ख्या भिंतीत मला सगळ्यात आवडलेला भाग तो आहे.

जूनमध्ये पाऊस लागला. पहिल्या जोरदार सरीनंतर फोनवर फोटो येऊ लागले. बहुतेक भांडी वाहत होती. वरच्या रांगेतला एक हंडा आणि दोन कॅन कोरडे होते. पोरांनी लोखंडी सळई घालून एक कॅन मोकळा केला. आतून माती, प्लास्टिक आणि मग पाणी आलं. उरलेल्या दोन भांड्यांचा फोटो, तारीख आणि वेळ घालून बायकांनी अर्जाला जोडला. याआधी त्यांच्या तक्रारीत "भिंत धोकादायक आहे" एवढंच असायचं आणि ते वाचून पुढे काही व्हायचं नाही. आता कुठलं भोक तुंबलं ते नावानं लिहिलेलं होतं: मावशींच्या दारावरचा हंडा, गिरणीजवळचा पिवळा कॅन. पाहणीला माणूस आला तेव्हा त्याला हंडा दाखवायला लहान मुलं पुढे होती. ते दोन पाइप साफ झाले. पोट काढलेल्या भागाचं काम अजून व्हायचं आहे. तो भाग आम्ही कोराच ठेवला आहे, आणि दुरुस्ती झाल्याशिवाय त्यावर एक रेघही मारणार नाही, असं लेखी दिलं आहे.

सध्या वस्तीत वेगळा वाद चालू आहे. खालच्या दोन गल्ल्यांत नवी पाइपलाइन आली, घरात नळ आले. त्या गल्ल्यांतल्या आयांना आता टँकर नको आहे. मुलाला सोयरीक घेऊन पाहुणे येतात ते त्याच बोळातून, आणि घर पाहायच्या आधी टँकर पाहतात. पाण्याची बोंब असलेल्या घरात लेक कोण देणार? रंगारी दादाचाही मुलगा लग्नाचा आहे, आणि आपण काढलेला टँकर आपणच पुसून तिथे नळ काढावा असं त्याचंही म्हणणं आहे. वरच्या गल्लीत अजून टँकरच येतो. मावशी म्हणतात, "आमच्याकडं नळ येऊस्तवर त्यो तिथंच राहूद्या." दोन्ही बाजूंची गरज खरी आहे.

मला बैठकीला बोलावलं आहे, मत मांडायला. टँकर राहावा, असं मी सांगणार आहे. चित्र उत्तम उतरलंय हे एक कारण. दुसरं कारण असं की वरच्या गल्लीचं पाणी मिळवायचं बाकी असताना खालच्या गल्लीनं तो पुसला, तर वरच्यांच्या अर्जाला पुरावा म्हणून दाखवायला एक गोष्ट कमी होईल. कदाचित टँकरच्या शेजारी नळ काढून भागेल; तशी जागा आहे, मी मापं घेऊन आले आहे. पण हात वर करणाऱ्यांत माझा हात धरला जाणार नाही, हे आमचं पहिल्या बैठकीतच ठरलेलं आहे. पुसायचं ठरलंच तर रंगारी दादानं राखाडी रंगाचं पुडकं आणून ठेवलं आहे, आणि व्हॉल्व्हजवळचं भोक झाकायचं नाही, हे मी त्याला न सांगताही त्याच्या लक्षात आहे.